मे महिन्यात तगेल अशी चेरी झिंग्यांची टाकी

चेरी झिंगे पाळणं मुळात अवघड नाही. अडीच-तीन सेंटिमीटरचा हा लाल जीव १८ ते २८ अंशांच्या पाण्यात मजेत राहतो, शेवाळ खातो आणि तीन महिन्यांचा झाला की अंडी धरतो. तरीही जळगाव-भुसावळकडे दिवाळीत भरलेल्या कित्येक टाक्या आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, रिकाम्या होतात. बाहेर पारा ४४-४५ वर गेलेला असतो, बोअरचं पाणी क्षारांनी जड असतं आणि घरात कुठे ना कुठे कीटकनाशक असतंच. म्हणून टाकी, जागा, पाणी, मासे यांतली प्रत्येक गोष्ट मे महिना डोळ्यांपुढे ठेवूनच निवडावी. थंडीत कोणतीही टाकी चालते.

सुरुवात दसरा-दिवाळीच्या सुमाराला करावी. म्हणजे होळीपर्यंत टाकीला चार-पाच महिने मिळतात, झाडं मूळ धरतात आणि झिंग्यांची एक-दोन पिढ्यांची पिल्लं तुमच्याच पाण्यात जन्मलेली असतात. विकत आणलेल्या झिंग्यांपेक्षा ही घरची पिल्लं ऊन जास्त सोसतात. फेब्रुवारीनंतर नवी टाकी मांडूच नये.

टाकी आणि जागा

लहान टाकी स्वस्त पडते, पण दुपारी भराभर तापते आणि पहाटे तशीच उतरते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच ही टाकी घ्या. तळ आणि दगड घातल्यावर तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावतं. काच ६ मिलिमीटरची हवी. भरलेली टाकी ७०-८० किलोंच्या घरात जाते, तेव्हा टेबल पक्कं आणि सपाट असावं. टाकीखाली थर्माकोलची १२ मिलिमीटरची शीट घाला.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. ती रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते. पत्र्याखालची खोली आणि वरच्या मजल्यावरची उघड्या स्लॅबखालची खोली दोन्ही बाद. तळमजल्यावरची, घराच्या पोटातली, दुपारी सगळे जिथे आडवे होतात ती खोली सगळ्यात चांगली. ज्यांच्याकडे अजून धाब्याचं घर आहे त्यांनी टाकी बिनधास्त तिथेच ठेवावी. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं छप्पर जे करतात ते महागडं चिलरही सहज करत नाही. स्वयंपाकघर मात्र नको. तिथली फोडणीची वाफ पाण्यावर तेलकट थर धरते आणि झुरळांचा फवाराही तिथेच मारला जातो.

फिल्टर साधा स्पंजचा घ्यावा, एअर पंपावर चालणारा. मोटारीच्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात, शिवाय मोटार स्वतः पाणी तापवते. पंपाच्या नळीत एकदिशा झडप बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. त्यासोबत यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि पॉवर बँक घरात ठेवा. मे महिन्यात दुपारी तीन तास वीज गेली तर टाकी त्यावरच वाचते. दिवा १० ते १५ वॉटचा एलईडी पुरतो, रोज सहा तास.

पाणी

आधी दोन वस्तू घ्या: टीडीएस मीटर, आणि जीएच-केएच मोजण्याचं थेंबांचं किट. मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती आहे ते सांगतो, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे सांगत नाही. झिंग्याला कवच बांधायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि ते जीएचवरून कळतं. केएच म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार. चेरीसाठी जीएच ६ ते १०, केएच ३ ते ८, पीएच ६.८ ते ७.८ आणि टीडीएस २०० ते ३०० धरून चला.

नळाला धरणाचं पाणी येत असेल तर ते बहुतेक वेळा या आकड्यांच्या आसपास असतं, फक्त क्लोरीन काढायचा. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं, त्यात हवेचा दगड सोडला तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरा: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि बदलायच्या पाण्यात दर लिटरला १ मिली घालायचं. पावसाळ्यात गढूळ पाण्याला नगरपालिका जास्त ब्लीचिंग घालते. नळाला वास येत असेल त्या दिवशी मात्रा दुप्पट करा.

बोअरचं पाणी वेगळं. टीडीएस ८००-९०० किंवा त्याहून वर असलेलं पाणी सरळ टाकीत घालू नये. ते आरओच्या पाण्यात मिसळावं. बोअरचा टीडीएस ९०० आणि घरच्या आरओचा ५० असेल, तर ५ लिटर बोअर आणि १५ लिटर आरओ मिळून २० लिटर पाणी सुमारे २६० चं होतं. मग जीएच मोजा. तो ४ च्या खाली निघाला तर तुमच्या बोअरमध्ये कॅल्शियमपेक्षा सोडियमचा भाग जास्त आहे. अशा वेळी निव्वळ आरओचं पाणी घ्या आणि झिंग्यांसाठी मिळणारी जीएच-केएच वाढवणारी क्षारांची पूड डब्यावरच्या मापाने त्यात मिसळा. शेताजवळच्या बोअरचं नायट्रेटही एकदा तपासून घ्या. खतांचा अंश पाझरून खाली गेलेला असतो.

आता आरओविषयीची सगळ्यात महत्त्वाची सूचना. हल्लीच्या पुष्कळ मशीनांत तांब्याचं कार्ट्रिज असतं आणि जाहिरातीत त्याचंच कौतुक असतं. माणसाला ते चालतं. झिंग्याला तांबं म्हणजे विष, अगदी थोडंसुद्धा. मशीनवर ‘कॉपर’ लिहिलेलं असेल तर त्या कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून पाणी काढून घ्या किंवा बाहेरचा आरओचा जार आणा. तांब्याच्या कळशीतलं, हंड्यातलं पाणी टाकीला नको. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणीही नको, कारण ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं.

आणखी एक: गच्चीवरच्या टाकीत किंवा हौदात आरोग्य कर्मचारी डासांच्या अळ्यांसाठी अबेट हे कीटकनाशक टाकून जातात. ते काम गरजेचंच आहे, पण त्या पाण्याने झिंगे मरतात. घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आणि पुढचे काही आठवडे पिण्याच्या नळाचं किंवा जारचं पाणी वापरा.

तळ, दगड आणि झाडं

काळी कापसाची माती फुकट मिळते म्हणून पुष्कळांना मोह होतो. ती आवरा. ही माती पाण्यात विरघळल्यासारखी उठते, कित्येक दिवस गढूळ राहते, तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि कापसावर वर्षानुवर्षं मारलेल्या औषधांचा अंशही. नदीची वाळू चालते: १ ते ३ मिलिमीटरची, निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली, ४ सेंटिमीटर जाडीचा थर. वापरण्याआधी मूठभर वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती जीएच आणि पीएच वर नेत राहील. दगडांचीही हीच परीक्षा. आपला काळा बेसाल्ट यात सहज उतरतो. फक्त त्याच्या फटीत पांढरी चुनखडी बसलेली नसावी.

झाडं सोपी आणि उष्णता सोसणारी घ्या. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधायची. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की सडतं. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावा, जड पाण्यात ती उलट जोमाने वाढते. हॉर्नवर्ट नुसतं तरंगत सोडावं. ते नायट्रेट खातं आणि सावलीही देतं. जावा मॉसचा मुठीएवढा गोळा हवाच, कारण पिल्लं त्यातच वाढतात. मात्र पाणी ३० च्या वर राहिलं की मॉस पिवळं पडतं, म्हणून ते दिव्यापासून दूर, खालच्या बाजूला बांधा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची या टाकीला गरज नाही.

दुकानातून आणलेली झाडं त्याच दिवशी टाकीत घालू नका. रोपवाटिकेत त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. बादलीत सात दिवस ठेवा आणि रोज पाणी बदला. गोगलगायींची अंडी नको असतील तर लिटरला १० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात दोन तास बुडवून स्वच्छ धुऊन घ्या.

वाळलेली पानं ही झिंग्यांची चराई. त्यावर जो बुळबुळीत थर येतो तो पिल्लं दिवसभर खातात. देशी बदामाचं झाडावरच तांबडं होऊन गळलेलं एक पान ५५ लिटरला पुरतं. केळीचं वाळलेलं पानही उत्तम चालतं, आणि रावेर-यावलकडे त्याला काय तोटा? पण बागेतलं पान घेऊ नका. करप्यासाठी बागांवर बुरशीनाशकं तेलात मिसळून फवारतात, ती पानाला चिकटून राहतात. परसातल्या, कधीच न फवारलेल्या केळीचं घ्या.

झिंग्यांआधी जिवाणू

पाणी भरल्यावर किमान चार आठवडे टाकी रिकामी चालू ठेवायची. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया निघतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करतात आणि त्यांना वेळ लागतो. दर दोन दिवसांनी माशांच्या खाद्याची चिमूट टाकत राहा आणि चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर तो नव्या टाकीत पिळा. अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य दाखवत राहिले, नायट्रेट २० च्या खाली असलं, काचेवर हिरवट शेवाळ धरलं, की टाकी तयार.

इथे घाई महाग पडते, आणि आपल्याकडे तर जास्तच. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमान वाढेल तसा वाढतो. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी असतो. पीएच ८.२ आणि ३२ अंशांना तोच १२ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे दुसऱ्या शहरातल्या टाकीत जो अमोनिया खपून जातो, तेवढ्याच अमोनियाने भुसावळच्या उन्हाळ्यात सगळे झिंगे मरतात.

झिंगे आणणं आणि सोडणं

१५ ते २० झिंगे एकदम घ्या, म्हणजे नर-मादी दोन्ही येतात. तीन सेंटिमीटरचे मोठे घेऊ नका, त्यांचं वय झालेलं असतं. दीड सेंटिमीटरचे तरणे निवडा. एकूण आयुष्य दीड-दोन वर्षांचं. जवळपास कुणी जड पाण्यात वाढवलेले देत असेल तर तेच आणा. मुंबई-पुण्याहून मागवायचे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी एवढीच मुदत. क्रिस्टल रेड, टायगर अशा कॅरिडिना जाती इथे आणू नका, त्यांना २०-२४ अंशांचं मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं. आणि तापी-गिर्णेतले झिंगे पकडून सोडायचा विचारच नको. मोठ्या नांग्यांचे असतील ते चेरी आणि मासे दोन्ही फाडतात.

पिशवी थेट ओतायची नाही. झिंगे पिशवीच्या पाण्यासकट बादलीत घ्या, टाकीतून हवेच्या नळीने पाणी थेंब थेंब सोडा, नळीला गाठ मारून वेग सेकंदाला दोन-तीन थेंब ठेवा. बादलीतलं पाणी तिप्पट व्हायला दीड-दोन तास लागतात. मग फक्त झिंगे जाळीने उचलून टाकीत सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या. पहिला दिवसभर ते फिके पडून मॉसमध्ये दडून बसतील. तिसऱ्या दिवशी काचेवर, पानांवर पुढच्या चिमुकल्या चिमट्यांनी एकसारखं टिपत फिरताना दिसले की जमलं.

मासे कोणते

पिल्लं वाढवायची असतील तर पहिले तीन महिने मासे नकोतच. ज्याच्या तोंडात मावतं तो मासा झिंग्याचं पिल्लू खातोच, कितीही शांत म्हणून विकला जात असला तरी. मॉस दाट झालं आणि झिंगे पन्नासच्या पुढे गेले की मग मासे आणा.

जड पाण्यासाठी आमची पहिली पसंती गप्पी आणि एंडलर, फक्त नर, सहा ते आठ. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ या घोषणेमुळे गप्पी गावोगाव ओळखीचा आहे. तो ३० अंशांवरही तग धरतो. माद्या आणल्या तर सहा महिन्यांत टाकी गप्पींचीच होते. पाणी मिसळून जीएच ८ च्या आत ठेवत असाल तर एम्बर टेट्रा आठ-दहा आणा. दोन सेंटिमीटरचा हा नारिंगी मासा हिरव्या झाडांत फार देखणा दिसतो आणि मोठ्या झिंग्यांच्या वाटेला जात नाही. हनी गुरामीची एखादी जोडीही चालेल. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे तापलेल्या पाण्यात तगते, मात्र पिल्लं टिपते. ओटोसिंक्लस आणि पिग्मी कोरीडोरास इतरत्र झिंग्यांचे उत्तम सोबती असले तरी त्यांना आपला उन्हाळा झेपत नाही. बेटा, एंजल, बार्ब हे तर नकोतच.

खाणं थोडकंच. वीस झिंग्यांना आठवड्यातून दोनदा पुरतं. गिलक्याची किंवा सोललेल्या काकडीची दोन मिनिटं उकडलेली एक चकती टाका, आणि उन्हाळ्यात चार तासांत काढून घ्या. काचेवर पांढरे बारीक किडे सरपटताना दिसले तर खाणं जास्त होतंय. आठवडाभर बंद करा. झिंगे उपाशी मरत नाहीत.

पाणी आठवड्याला ५-६ लिटर बदला, तेही हळूहळू, टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं. एकदम अर्धी टाकी बदलली की दोन दिवसांत झिंगे मरू लागतात, आणि मेलेल्याच्या मानेमागे पांढरा पट्टा गोल फिरलेला दिसतो. क्षार अचानक बदलल्याने वेळेआधी कात टाकायची वेळ आली आणि कवच सुटलंच नाही, असा त्याचा अर्थ. नीट टाकलेली कात मात्र पारदर्शक, अखंड असते. ती काढू नका, झिंगे ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात.

होळी ते मृग

खरी कसोटी इथे. पाणी २८ पर्यंत निर्धास्त. ३० ला माद्या अंडी धरायच्या थांबतात किंवा धरलेली सोडून देतात. ३२ च्या वर रोज दोन-चार मरतात. त्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम, ३२ ला ७.३. आणि झिंग्यांना, माशांना, जिवाणूंना तेव्हाच तो जास्त लागतो.

होळीनंतर झाकण काढा, त्याऐवजी मच्छरदाणीचं कापड ताणून बसवा. पाण्याची पातळी काठापासून ४-५ सेंटिमीटर खाली आणा. १२ व्होल्टचा, १२ सेंटिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा तिरका धरून पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा बसवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टाकीही उतरते. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे ३ ते ५ अंश सहज मिळतात. कुलरमुळे खोली ३२ वर राहिली तर पाणी २८-२९ वर थांबतं. मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल चिकटवा. दिवा दुपारी न लावता संध्याकाळी सात ते रात्री एक असा लावा. एअर पंप चोवीस तास चालू, कारण प्राणवायू सगळ्यात कमी पहाटे असतो.

पंख्याने रोज एक-दीड लिटर पाणी उडतं. इथेच पुष्कळांची टाकी बिघडते. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. रोज दीड लिटर बोअरचं पाणी वर घालत राहिलं, ९०० टीडीएसचं, तर ५५ लिटरच्या टाकीत महिन्याभरात सातशेहून अधिक भर पडते. अडीचशेचा आकडा साडेनऊशेच्या पुढे जातो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओच्या पाण्याने करायची. बदलायचं पाणी मात्र मिसळलेलं. टीडीएस मीटर आठवड्यातून दोनदा बुडवा.

तरीही पारा चढलाच तर बर्फाची बाटली. एक लिटरची बाटली गोठवून तरंगत ठेवली तर ती पूर्ण वितळून ५५ लिटर पाणी सुमारे २ अंशांनी उतरवते. दुपारी एकला एक, साडेचारला दुसरी. एकदम तीन टाकू नका. ३३ वरून २६ वर झटक्यात आणणं उष्णतेपेक्षा वाईट. मृगाचा पाऊस पडला की हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग घटतो, पण तोवर उन्हं उतरलेली असतात.

हिवाळ्याचं फारसं काही नाही. धुळ्याला जानेवारीत पारा ८ च्याही खाली जातो, पण घरातलं पाणी १६-१७ वर राहिलं तर चेरी सुस्तावतात, मरत नाहीत. एम्बर टेट्रा असतील तर ५० वॉटचा हीटर २४ वर लावा.

घरातली विषं

टाकीतले सगळे झिंगे एका रात्रीत गेले आणि मासे ठणठणीत असले, तर कारण बहुतेक वेळा कीटकनाशक किंवा तांबं हेच. डासांची अगरबत्ती, भिंतीला लावायचं लिक्विड, झुरळांचा फवारा, मुंग्यांचा खडू यांत पायरेथ्रॉइड असतात. ती किड्यांसाठी बनवलेली आहेत आणि झिंगा किड्यांचाच नातलग. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लक्षात घ्या. टाकीच्या खोलीत यांतलं काहीही लावू नका, तिथे मच्छरदाणी वापरा. पावसाळ्यात धूर फवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर ओला टॉवेल. धूर निवळल्यावर, पण अर्ध्या तासाच्या आत, पंप परत सुरू.

शेतावरून फवारणी करून आलेल्या माणसाने दोनदा साबणाने हात धुतले तरी त्या दिवशी टाकीत हात घालू नये. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, हाताळला असेल तर मुळीच नाही. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या पुष्कळ औषधांतही तांबं असतं. आजारी मासा वेगळ्या बादलीत काढून तिथेच औषध द्या, आणि ती बादली, ती जाळी परत टाकीत वापरू नका.

विषबाधा झालेले झिंगे वेड्यासारखे सुसाट पोहतात, काचेवर आपटतात आणि मग कुशीवर पडून पाय झटकतात. हे दिसताक्षणी अर्धं पाणी तयार ठेवलेल्या पाण्याने बदला, एरवीचा नियम अशा वेळी बाजूला ठेवा. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी घाला, बादलीत झिंगे हलवता आले तर हलवा. अशा वेळेसाठी ३० लिटर तयार पाणी आणि १०० ग्रॅम कार्बन घरात कायम असावं.

वर्षभरात वीसचे दोनशे होतात. जास्तीचे झिंगे आणि गप्पी नदीत, धरणात, विहिरीत सोडू नका, ते तिथल्या जिवांच्या मुळावर येतात. गावातल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्या, सोबत मॉसचा तुकडा आणि तुमच्या पाण्याचे आकडे चिठ्ठीवर लिहून.